सातव्या पानावरची चूक

३ नोव्हेंबर, सोमवार

राजेश्वरीचा प्रबंध आला. कुरिअरवाल्यानं स्टँडवरच हातात दिला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, तिच्या नावाच्या मधोमध माझं नाव. विषय: द्रवातल्या भोवऱ्यांच्या हालचालीचं गणित. तोंडी परीक्षा अठ्ठावीस तारखेला, विद्यापीठात. ओपन व्हायवा. म्हणजे कुणीही येऊन बसावं आणि शेवटी कुणीही उठून प्रश्न विचारावा.

कुणीही म्हणजे मीही.

निश्चय: अठ्ठावीसच्या आत सगळा प्रबंध वाचायचा. रोज दहा पानं. शेवटचे दिवस उजळणीला उरतील. मुलगी डॉक्टर होणार आणि बाप मागच्या खुर्चीवर नुसता टाळ्या वाजवणार, हे मला पटत नाही. दहावीला गणितात मी केंद्रात पहिला होतो. पुढं बसस्टँडवर कंट्रोलर झालो ते परिस्थितीमुळं, डोक्यामुळं नाही.

संध्याकाळी प्रबंध घरी नेला. शरणम्मानं पुढून मागून चाळला, विभूती लावली आणि देवघरात ठेवला. मी म्हटलं, अगं ते गणिताचं पुस्तक आहे. म्हणाली, आसंल की, देवाचंबी हाय त्यात. मी हसलो. आमच्या हिला इंग्रजी येत नाही. श्रद्धा मोठी आहे.

४ नोव्हेंबर

घरात नवा नियम. देवघरातल्या पुस्तकाला पारोशानं हात लावायचा नाही. माझी ड्यूटी पहाटेची. आंघोळ आणि पहिली गाडी यांच्यात जेवढा वेळ उरतो तेवढ्यात विद्या मिळवायची.

वाचन: अर्पणपत्रिका. 'आप्पा आणि अव्वांना.' तीनदा वाचली. इंग्रजी वाटलं तेवढं अवघड नाही.

७ नोव्हेंबर

पान चारपर्यंत आलो. रोज दहा हा आकडा कादंबरीसाठी ठीक, गणितासाठी नव्हे. शास्त्र सावकाश वाचावं. नवा निश्चय: रोज एक पान, पण असं की परत बघायला नको.

एक उलटा एल सारखा येतो. त्याला गॅमा म्हणतात. हुबेहूब आमच्या फाट्यावरचा दिव्याचा खांब. आणि इंटिग्रलची खूण आहे, तिच्या पोटावर एक गोल. गळ्यातल्या दोऱ्याला इष्टलिंग लोंबावं तशी. ती बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. इतरांना जे कठीण जातं ते आपल्याला संस्कारानं सोपं जातं.

बब्रुवानला सांगितलं. बब्रुवान म्हणजे आमच्याकडचा कंडक्टर, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा. म्हणाला, शिवानंदराव, लिंग दिसलं म्हंजी गणित कळलं व्हय? मग आमचा ड्रायव्हर रोज स्टेरिंगचा गोल धरतोय, त्याला प्रोफेसर करा.

अशा लोकांत राहून अभ्यास करायचा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

पान पाच समजलं. पुरतं समजलं. इथं लिहून ठेवतो.

भोवऱ्याभोवती एक बंद वाट कल्पायची. निघालो तिथंच परत यायचं. वाटेत पाणी आपल्या बाजूनं किती, उलट किती, याची बेरीज करत जायची. ती बेरीज म्हणजे गॅमा. गंमत अशी की भोवऱ्याचं केंद्र आपल्या फेऱ्याच्या आत असेल तर फेरा लहान असो की मोठा, बेरीज तीच येते. आणि केंद्र आत नसेल तर शून्य.

संध्याकाळी महादेवाला गेलो. सोमवारची आरती माझ्या हातून होते, बारा-पंधरा वर्षांचा मान आहे. आरतीनंतर प्रदक्षिणा. महादेवाची प्रदक्षिणा अर्धी. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. मी पन्हाळीपाशी थबकलो. आल्या वाटेनं परत, म्हणजे केंद्र फेऱ्याच्या आत आलंच नाही. म्हणजे जाताना मिळवलेलं येताना वजा. गॅमा शून्य.

म्हणजे माझ्या आजवरच्या सगळ्या प्रदक्षिणांची बेरीज शून्य.

विरेश स्वामींना विचारलं. ते आमचे जंगम, वयानं माझ्याहून लहान, पण विचारावं असे. त्यांनी नारळ फोडता फोडता ऐकलं आणि म्हणाले, शून्यच येऊ द्या की आप्पा. आपल्या शरण संतांनी जन्मभर दुसरं काय मागितलं? तुम्हाला ते नुसत्या फिरण्यावर मिळालं.

रात्री जेवण गोड लागलं. बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, सकाळी ६ वाजून ४०

पान सात. चूक सापडली.

परत वाचलं. डिक्शनरी काढून वाचलं. चूकच आहे. राजेश्वरी लिहिते की भोवऱ्याचा मधला गाभा सोडला तर बाहेरच्या पाण्याला फिरकी नसते. तिथलं पाणी स्वतः फिरत नाही. आणि हे भोवऱ्याबद्दल. जो फिरतो म्हणून तर त्याला भोवरा म्हणायचं. आमच्या बेण्णीतुरा नदीच्या डोहात एक म्हैस गोल फिरताना मी लहानपणी पाहिली आहे. तिला जाऊन सांगावं की बाई, तू फिरत नाहीस?

पुढं वाचण्यात अर्थ नाही. पायाच कच्चा असेल तर वरचे मजले बघून काय करायचं. प्रबंध बंद केला.

१२ नोव्हेंबर, दुपारी

मन थाऱ्यावर नाही. पाच वर्षं पोरगी राबली. गाइड मॅडमनी पाहिलं नाही, दोन परीक्षकांनी पाहिलं नाही. पाहिलं ते बसस्टँडवरच्या माणसानं. यात अहंकार नाही. दैवयोग आहे.

आता दोन मार्ग. एक, फोन करून सांगायचं. पण परीक्षा तोंडावर, ती खचेल. दोन, सभेत मीच प्रश्न विचारायचा, पण असा, की तिला आपली चूक आपणच दुरुस्त करता यावी. परक्यानं पकडलं तर नामुष्की. घरच्यानं पकडलं तर चर्चा.

मार्ग दोन.

१४ नोव्हेंबर

पुराव्यासाठी प्रयोग केला. बादली पाण्यानं भरली, डावानं बराच वेळ ढवळली, डाव काढून काडेपेटीतली काडी सोडली. काडी पाण्याबरोबर गोल गेली, आणि जाता जाता तिचं गुल असलेलं तोंडही फिरत राहिलं. आधी देवघराकडं, मग मोरीकडं, मग माझ्याकडं. म्हणजे पाणी स्वतः फिरतं. सिद्ध.

शरणम्मानं विचारलं, अवं, आंघोळीच्या पाण्यात काड्या का पडल्यात? मी म्हटलं, राजूसाठी. ती नुसती कपाळाला हात लावून आत गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रयोग दुसरा. ताक. त्यातला भोवरा बादलीपेक्षा बरा दिसेल असा अंदाज होता. रवी उलटसुलट फिरते हे ध्यानात आलं नाही. काड्या बुडाल्या. तीन सापडल्या.

चौथी माझ्याच वाटीत आली. शरणम्मा म्हणाली, देव बघतो.

१८ नोव्हेंबर

राजेश्वरीचा फोन. घाबरली आहे. म्हणाली, आप्पा, परीक्षकांचं काही वाटत नाही, ते विषयातलं विचारतात. पण शेवटी सभेतून कुणीतरी उठतं आणि भलतंच विचारतं. मागच्या महिन्यात आमच्या एका मैत्रिणीला तसं झालं. तिथं गडबडायला होतं.

बिचारी. तिला काय माहीत, तो कुणीतरी कोण असणार.

मी आडून विचारलं, पहिलं प्रकरण परत एकदा बघितलंस ना? हसली. म्हणाली, ते नेहमीचंच असतं आप्पा, ते कोण वाचतंय.

इथंच घात होतो. पाया म्हणजे नेहमीचंच.

मग तिनं आपण होऊन आपलं संशोधन सोपं करून सांगितलं. एकाच दिशेनं फिरणारे दोन भोवरे शेजारी आले तर एकमेकांभोवती घिरट्या घालत राहतात, पुढं जात नाहीत. उलट दिशेनं फिरणारे सारख्याच ताकदीचे दोन असले तर एकमेकांना रेटत जोडीनं सरळ पुढं निघतात. हे मात्र मला पटलं. पहिला प्रकार मी आणि बब्रुवान. दुसरा मी आणि शरणम्मा. तीस वर्षं झाली, ती डावीकडं, मी उजवीकडं, आणि संसार सरळ चालला आहे.

हे शरणम्माला सांगितलं. म्हणाली, रेटतंय कोण ते लिवलंय का त्यात?

२० नोव्हेंबर

ड्यूटीवर किरकोळ प्रसंग. लिहायला नको, पण खोटं ठेवायचं नाही.

गाडी सुटली की मागं धुळीचा भोवरा उठतो. त्याचं निरीक्षण चाललं होतं. हातात माइक. लातूरची गाडी लागली होती आणि मी तिला गुलबर्ग्याची म्हटलं. दोनदा म्हटलं. गुलबर्ग्याची एक लग्नाची पार्टी मुंडावळ्यांच्या पिशवीसकट लातूरच्या गाडीत चढली. नवरदेव पुढच्या सीटवर बसला होता.

बब्रुवाननं तिकीट फाडताना ओळखलं, सगळ्यांना खाली उतरवलं आणि माझ्या खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला, शिवानंदराव, सोयरीक आमीच बदलून टाकली असती की, तेवढं तरी सांगायचं होतं.

माइकवर मी सहसा चुकत नाही. माइक हातात आला की मी वेगळाच माणूस होतो, तोंड आपोआप चालतं. आज लक्ष शास्त्राकडं होतं. मोठ्या कामात लहान कामं थोडी मागं पडायचीच.

२२ नोव्हेंबर

शरणम्माला संशय आला आहे. प्रश्नाची तालीम मोरीत करत होतो, पाण्याचा आवाज असतो म्हणून. बाहेर आलो तर दारात उभी. म्हणाली, पोरीचा दिवस हाय. तिथं तोंड उघडायचं न्हाय. विभूतीला हात लावून सांगा.

मी हात लावला आणि म्हणालो, तिला त्रास होईल असं एक अक्षर बोलणार नाही. खरंच सांगितलं. मी बोलणार आहे ते तिच्या भल्याचं.

तरी सकाळची पूजा नीट झाली नाही. इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि नजर लिंगावर ठरेना. डोळ्यापुढं काडी फिरत होती.

२५ नोव्हेंबर

प्रश्न इंग्रजीत लिहिला. पाठ केला. रजेच्या अर्जाइतका नम्र झाला आहे. सुरुवात: 'विथ ड्यू रिस्पेक्ट.' शेवट: 'काइंडली क्लॅरिफाय अँड ऑब्लाइज.'

बब्रुवानला म्हणून दाखवला. त्यानं चहा खाली ठेवला. पहिल्यांदाच चेष्टा न करता बोलला. म्हणाला, शिवानंदराव, म्या अडाणी माणूस. पण मह्या पोराच्या कुस्तीत म्या मधनं वरडलो हुतो, डाव चुकतोय म्हणून. पोरगं मह्याकडं बघाय लागलं आन् चीत झालं. लई दिस बोललं न्हाय.

बब्रुवानचा मुद्दा कुस्तीपुरता बरोबर आहे.

२७ नोव्हेंबर

उद्यासाठी पांढरा शर्ट, खिशात काडेपेटी, प्रश्नाचा कागद. प्रबंध घरीच देवघरात. मला लागणार नाही, सातवं पान तोंडपाठ आहे.

शरणम्मानं इरकल नेसायचं ठरवलं आहे. भाकरी, शेंगाची चटणी, दही. मध्येच म्हणाली, राजू ल्हान हुती तवा आरती झाली की पयली हात पुढं करायची. मी म्हटलं, हूं. मी प्रश्नात होतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ९

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. राजू येऊन भेटली. नवी साडी, डोळ्याखाली काळं. पाया पडली. म्हणाली, आप्पा, तुम्ही पुढं बसा, मला तुमच्याकडं बघत बोलता येईल.

क्षणभर मन डळमळलं. मग धीर केला. वैद्यानं रोग्याचा चेहरा बघून औषध बदलू नये.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी

आज काही लिहायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायला हवं.

राजेश्वरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बोलली. पडद्यावर भोवरे फिरत होते. पहिल्या प्रकरणाची एकच पाटी आली आणि गेली. परीक्षक म्हातारे गृहस्थ होते, पांढरा सदरा, आवाज मऊ. त्यांनी बरंच विचारलं, तिनं सगळं सांगितलं. मला त्यातलं काही समजलं नाही, पण ती एकदाही अडखळली नाही. समजण्याजोगं तेवढंच होतं. शरणम्मा शेजारी बसून ओठांत नमःशिवाय म्हणत होती.

शेवटी परीक्षक म्हणाले, सभेतून कुणाला काही विचारायचं आहे का.

मी उठलो. शरणम्मानं शर्टाचं टोक धरलं. ते सुटलं. राजूचा चेहरा मी पाहिला. मागच्या महिन्यातल्या मैत्रिणीचा असाच झाला असणार. कुणीतरी धावत येऊन माझ्या हातात माइक दिला.

माइक हातात आला आणि तोंड आपोआप चाललं. मी म्हणालो, प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.

सभा हसली. सगळी. मागच्या रांगेतली पोरं बाकं वाजवायला लागली. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' कुठं गेलं ते सापडेना. मग मी मराठीतच विचारलं, सातव्या पानावर तू म्हणतेस पाणी फिरत नाही. मी बादलीत काडी सोडून पाहिली. ती फिरली. मग तुझं खरं की काडीचं?

हसणं थांबलं. परीक्षक पुढं वाकले. राजूनं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या आईकडं. आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. कशी गेली ते मी सांगू शकत नाही, पण गेली. म्हणाली, आप्पा, बादली ढवळली की सगळं पाणी एकगठ्ठा फिरतं, चाकासारखं. म्हणून काडी पण तोंड फिरवत जाते. आपण देवळाला फेरी मारताना जसे वळत वळत जातो तसं. आपोआप झालेल्या भोवऱ्यात बाहेरचं पाणी तसं जात नाही.

इतक्यात शिपाई परीक्षकांसाठी चहा घेऊन आला. तिनं त्याच्या हातातला ट्रे घेतला, माझ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी तो गोल ओवाळला. कपांचे कान होते तिकडंच राहिले. एक थेंब सांडला नाही. म्हणाली, आता बघा, ट्रे गोल जातोय, पण स्वतः फिरतोय का? आरतीच्या ताटासारखं. जातं गोल, पण तोंड कायम देवाकडं. बाहेरचं पाणी असं जातं.

सगळे बघत होते. ट्रे माझ्या छातीसमोरून दुसऱ्यांदा गेला. आणि मी दोन्ही हात पुढं केले, चहाच्या कपांवरून फिरवले आणि डोळ्यांना लावले.

मी मुद्दाम केलं नाही. ताट समोरून गेलं की हात पुढं जातात. आयुष्यभर गेले आहेत.

माझ्यानंतर शरणम्मानंही आरती घेतली. तिनंही मुद्दाम केलं नसावं. तिचं काही सांगता येत नाही.

यावेळी सभा हसली ती वेगळी हसली. परीक्षकही हसले आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. मग म्हणाले, फार चांगला प्रश्न, आम्ही हाच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला विचारतो. गाइड मॅडम जेवताना म्हणाल्या, राजेश्वरी, प्रश्न आधी ठरवून आणला होतास ना घरून, छान बसवला होतात दोघांनी. राजूनं मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही. तिला डॉक्टर म्हणून जाहीर केलं तेव्हा मी माइकपासून लांब उभा होतो.

निघताना राजू स्टँडपर्यंत आली. म्हणाली, आप्पा, सातव्या पानावर का थांबलात? म्हटलं, चूक सापडली म्हणून. तिनं माझ्या खिशातली काडेपेटी काढून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि गाडीत चढवून दिलं. परतीच्या वाटेवर शरणम्मानं विभूतीचा विषयही काढला नाही. राग सवडीसाठी राखून ठेवलेला दिसतो.

आज सकाळी आंघोळ करून देवघरातून प्रबंध काढला. पान आठ उलटलं. अख्ख्या पानावर एक चित्र. मोठं वर्तुळ, त्यावर ठिकठिकाणी आरतीचं ताट काढलेलं, आणि प्रत्येक ताटातल्या निरांजनाची वात एकाच बाजूला. मध्ये भोवरा. कडेला विभूतीचा अंगठा उमटलेला.

शरणम्माला बोलावून दाखवलं. पदराला हात पुसत आली. म्हणाली, मंग? म्या पयल्या दिवशीच म्हणलं हुतं की, देवाचंबी हाय त्यात. म्हणून तर तिथं ठिवलं.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस, चित्र आहे म्हणून?

म्हणाली, तुमी वाचत हुता की. मला वाटलं तुमाला दिसलं आसंल.

बब्रुवानला अजून काही सांगितलेलं नाही. पण खिशात काडेपेटी नाही, एवढ्यावरून तो काहीतरी रचेलच.

उद्या सोमवार. आरती विरेश स्वामींनी करावी असं सांगून आलो. मी समोर उभा राहून ताट कसं जातं ते नीट बघणार आहे.

पान नऊ उघडून पाहिलं. त्यावर चित्र नाही.